अंगातलं शिसं

माझ्या हिरड्या निळ्या झाल्या आहेत ही बातमी मला आरशाने दिली नाही. ती एका लेखाच्या प्रुफाने दिली, आणि त्या प्रुफात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की आधी माझा तिच्यावर विश्वासच बसेना.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचे दिवस होते. गिरगावातल्या आमच्या लोकानंद छापखान्यात सभांची पत्रकं अशी छापली जात की शाई वाळायच्या आत लोक ती हातात घेऊन पळत. मी तिथे मुद्रितशोधक होतो. सगळा छापखाना मला 'प्रुफवाले सोवनी' म्हणे. मुद्रितशोधक हा शब्द उच्चारायला लोकांना काय कष्ट पडतात मला कळत नाही. जो माणूस उभ्या जगाच्या ऱ्हस्वदीर्घाची काळजी वाहतो, त्याला जगाने निदान नीट नावाने हाक मारावी. पण ते असो.

पत्रकांच्या गर्दीत एका मासिकाचं काम आलं. त्यात परळच्या कुणा डॉक्टर कालिंदीबाईंचा लेख होता : 'कारखान्यातील विषे आणि मानवी शरीर'. बाईंनी 'शरीर' हा शब्द तीन ठिकाणी 'शरिर' लिहिला होता. डॉक्टरला शरीर येऊ नये म्हणजे काय! मी माझी जांभळी कॉपिंग पेन्सिल, ओली केली की शाईसारखी उमटते ती, जिभेला लावली आणि तिन्ही शरिरं बरी केली. चौथं मी भलत्याच उत्साहात खोडलं, ते बरोबर होतं. मग रिवाजाप्रमाणे त्याच्याखाली टिंबं देऊन समासात लिहिलं, 'असू दे'. आमच्या धंद्यात याचा अर्थ, खोडलं ती चूक माझी, आहे तसंच छापा.

एवढं झाल्यावर माझं लक्ष मजकुराकडे गेलं. बाई लिहीत होत्या की कारखान्यातली रसायनं माणसाच्या अंगात गुपचूप शिरतात, आणि चाळीतल्या भाडेकरूसारखी एकदा आत आली की निघायचं नाव घेत नाहीत. शिसं तर थेट हाडांत जाऊन बिऱ्हाड करतं. मग पोटात कळा येतात, रंग फिका पडतो, मनगट लुळं पडतं, स्वभाव चिडचिडा होतो, आणि हिरड्यांच्या कडेला निळी रेघ उमटते. छापखान्यातल्या लोकांनी विशेष जपावं, कारण छापखान्यातले खिळे शिशाचे असतात.

खिळे म्हणजे आमचे अक्षरांचे ठसे. सुतार ठोकतो ते खिळे नव्हेत. हा खुलासा मी आत्ताच करून ठेवतो, कारण तो वेळेवर न केल्यामुळे पुढे काय काय झालं ते मलाच माहीत.

मी उठलो. मालक गणपतशेठ बाहेर गेले होते, त्यांच्या खोलीतल्या आरशापुढे उभं राहून ओठ वर केला. निळी रेघ होती. खालच्या हिरडीलाही होती. वडिलांनी हौसेने माझं नाव नीळकंठ ठेवलं होतं, आणि निळेपणाला आता कंठापर्यंत यायला फारसं अंतर राहिलं नव्हतं.

मी तडक आमच्या कंपोझिटरकडे, दत्तारामकडे गेलो. तो काळाचौकीला राहणारा, मूळचा मालवणकडचा. मी कागदावरच्या चुका काढायचो, तो त्या खिळ्यांत करायचा, असे आमचे संबंध. त्या वेळी तो खिळ्यांच्या खणांवरच डबा उघडून भाकरी आणि सुकट खात होता. भाकरीचा तुकडा मोडायचा, एखादं वेडंवाकडं अक्षर दिसलं तर त्याच बोटांनी उचलायचं, पुन्हा भाकरी.

"दत्ताराम," मी म्हणालो, "या खिळ्यांचं शिसं पोटात जातं, ठाऊक आहे का तुला?"

"काय नाय होत, मास्तर. माझ्या बापसानं जल्मभर खिळेच जुळवले."

"मग आता कशी आहे प्रकृती?"

"गेले ते. पोटात दुखायचं त्यांच्या." एवढं बोलून त्याने स्वतःचं पोट दाबलं, ओव्याची पुडी काढली आणि चिमूटभर तोंडात टाकली. गेले काही महिने त्याचं पोट दुखतच होतं. शिवाय जुळवलेली ओळच्या ओळ त्याच्या हातून खाली सांडायची. ती घाईने पुन्हा जुळवली की घोटाळा व्हायचा. परवाच परळच्या 'जाहीर सभे'चा 'जाहीर भास' झाला होता आणि तो मी ऐन वेळी पकडला म्हणून मराठी राज्याची अब्रू वाचली. शेठ त्याला रोज दम देत, "हात चालत नसेल तर घरी बस." मलाही त्याचा राग यायचा. लेखातलं लुळं मनगट मी स्वतःच्या हाताने शुद्ध केलं होतं, पण ते समोर भाकरी खात बसलंय हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी माझ्या हिरड्यांत गुंतलो होतो.

घरी येऊन मी सुनेत्राला सगळं सांगितलं. चिडचिडेपणाचं लक्षण वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "ते तर लग्नापासूनच आहे." पण मग तिने माझा ओठ उचलून पाहिला आणि मटकन खालीच बसली.

"हाडांतून निघतं का हो ते?" तिने विचारलं. मी म्हटलं, बघू. उठून तिने ट्रंकेतला नवा टॉवेल काढला आणि इस्पितळात न्यायच्या पिशवीत घडी करून ठेवला. त्या टॉवेलकडे पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आता आमच्या आणि शेजारच्या कमळाबाईंच्या खोलीमध्ये भिंत म्हणून ज्या होत्या त्या लाकडी फळ्या. कमळाबाईंना एरवी कमी ऐकू येई, पण फळ्यांतून स्वच्छ ऐकू येई. त्यांनी 'पोटात', 'खिळे' आणि 'कुणाला सांगू नकोस' एवढं ऐकलं आणि डझनभर केळी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"खा. केळ्यात गुरफटून खाली जातात खिळे," त्या म्हणाल्या. "पण मी म्हणते, अहो शिकलेसवरलेले तुम्ही, खिळे गिळलेतच कशाला?"

मी खिळा या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेत्राला म्हणाल्या, "भ्रमात आहेत. तू भरव." संध्याकाळपर्यंत एकाने लोहचुंबक आणून माझ्या पोटावरून फिरवला. चुंबक कुठेच चिकटला नाही, तेव्हा तो निष्कर्ष काढून गेला की खिळे पितळी असावेत.

मग आले बाबुराव. ते आमच्या चाळ समितीचे चिटणीस, चळवळीत अंगातली बंडी फाटेपर्यंत घोषणा देणारे. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "खिळेबिळे बायकांना सांगा, सोवनी. अंगात शिसं आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. कुणाला तरी नेमका शब्द समजला याचं मला बरं वाटलं.

"शिसं म्हणजे काय ते मला नका शिकवू. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी तुम्ही फोर्टात होता. लंगडत आला होतात, मी पाहिलंय."

मी लंगडत आलो होतो हे खरं. कागदवाल्याकडे गेलो होतो, लोक पळाले तसा मीही पळालो, आणि एक चप्पल तिथेच राहिली. एका चपलेने गिरगावात येणारा माणूस लंगडणार नाही तर काय करील! हे सर्व मी बाबुरावांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले.

"एवढी गोळी अंगात घेऊन महिनोन्महिने नुसती प्रुफं तपासलीत! एक शब्द काढला नाहीत!"

दुसऱ्या दिवसापासून नळावर माझी बादली सगळ्यांच्या पुढे लागू लागली. दूधवाला वरचं माप घालू लागला. मी जिन्यात 'गोळी नाही हो' म्हटलं की लोक डोळा मिचकावत, 'बरोबर, नाहीच' म्हणत. ज्यांनी आयुष्यात मला प्रुफवाल्याच्या वर चढवलं नव्हतं ते 'सोवनीसाहेब' म्हणू लागले. सुखाचं होतं, नाही कसं म्हणू. पण त्या दिवशी फाउंटनला माणसं खरोखरच मेली होती, त्यांची नावं मीच प्रुफात वाचली होती, काने-मात्रे तपासून. त्यांच्या नावावर मी बादल्या भरतोय म्हटल्यावर पाणी प्यावंसं वाटेना. आणि एवढ्यावर बाबुराव सांगत आले की रविवारी चाळीच्या चौकात माझा सत्कार आहे, अध्यक्ष आमचेच गणपतशेठ. शेठना अध्यक्षपद मिळालं की विषय कोणताही चाले.

शनिवारी मी परळच्या इस्पितळात गेलो. काळजीने सुनेत्राचा घरात पाय ठरेना, पण इस्पितळात यायचा तिला धीर होईना, म्हणून तिने दत्तारामला गाठून माझ्याबरोबर पाठवला. तो बिचारा माझी टॉवेलची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून चालत होता.

केसपेपरच्या खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "तक्रार?"

"अंगात शिसं आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "गोळी? पोलीस केस. शेजारचं टेबल."

शेजारच्या टेबलाशी हवालदार होते. "गोळी कुठे लागली?"

"गोळी नाही. शिसं. हिरडीत दिसतं."

"गोळी कशाची असते? शिशाचीच ना? मग मला काय शिकवता? कुठे लागली म्हणजे ठिकाण विचारतोय मी. चौपाटी, फाउंटन, लालबाग?"

"छापखान्यात."

हवालदारांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "छापखान्यात गोळीबार? आमच्याकडे नोंद नाही."

नोंद नसलेला गोळीबार आपल्या टेबलावर नको म्हणून त्यांनी मला शस्त्रक्रिया विभागात धाडलं. तिथे शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यापुढे माझा सदरा काढण्यात आला. घोळक्याने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उलटंसुलटं केलं. दंडावरचा देवीच्या टोचणीचा वण एकाला फार आवडला; गोळी इथूनच आत गेली असावी असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग ती लहानपणीच गेली. त्याने तेही लिहून घेतलं. तिथून दातांकडे, दातांकडून पोटाकडे, असं करत सदऱ्याची बटणं चुकीच्या काजांत अडकवून आम्ही एका खोलीशी पोहोचलो तर दारावर पाटी होती, डॉक्टर कालिंदी. त्याच लेखातल्या!

"बाई, तुमचा लेख मी शुद्ध केला," मी आत शिरता शिरताच म्हणालो. "'शरीर' मधला 'री' दीर्घ असतो."

"असेल. तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

त्यांनी ओठ उचलला, दिव्याखाली पाहिलं, कापसाचा बोळा पाण्यात बुडवून हिरडीवरून फिरवला आणि तो माझ्या डोळ्यांपुढे धरला. बोळा जांभळा झाला होता.

"कॉपिंग पेन्सिल वापरता?"

"हो."

"आणि ती जिभेवर ओली करता?"

एवढा वेळ मी जे शिसं हाडांत वागवत होतो, ज्याच्यावर चाळीचं पाणी, दूध आणि सत्कार चालला होता, ते माझंच जिभेवर ओलं केलेलं अक्षर होतं. खुर्चीतून उठून बाईंच्या पाया पडावं आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हावं, असं दोन्ही वाटलं.

"हसू नका, तो रंगही काही खायचा पदार्थ नाही," त्या म्हणाल्या, जरी मी हसत नव्हतो. "वाटीत पाणी ठेवा आणि त्यात बुडवा. जा, चूळ भरा. अहो, त्यांना तो पेला द्या जरा."

हे त्या दत्तारामला म्हणाल्या. दत्तारामने उजव्या हाताने पेला उचलला. पेला थोडा वर आला, मग मनगट आपोआप खाली झुकलं आणि पेला खणकन फरशीवर पडला. दत्ताराम ओशाळून खाली वाकला. बाई मात्र जागच्या उठल्या होत्या.

"राहू दे ते. हात पुढे करा. दोन्ही. पंजा वर उचला बघू."

डावा उठला. उजवा उठेना.

"पोट दुखतं? काय काम करता?"

"खिळे जुळवतो, बाय," दत्ताराम म्हणाला.

बाईंनी त्याचा ओठ उचलून तोच कापसाचा प्रयोग केला. बोळा पांढराच राहिला. रेघ तशीच होती. मी वाकून ती पाहिली. रोज मी त्याच्या सांडलेल्या ओळींवर रागाने रेघा मारत होतो, आणि ही रेघ त्याच्या तोंडात होती.

"वेळेवर आणलंत यांना," बाई मला म्हणाल्या. "रक्त तपासून खात्री करून घेऊ, पण मला शंका नाही. औषध देते. मुख्य म्हणजे खिळ्यांना अजिबात हात लावायचा नाही. मग हात परत येईल. असंच काम चालू ठेवलं असतं तर कदाचित आला नसता."

मी आणलं नव्हतं. तोच माझी पिशवी घेऊन आला होता.

बाहेर आल्यावर दत्तारामने माझा हात धरला. "मास्तर, शेटना सांगू नका. लुळ्या हाताचो कंपोझिटर कोण ठेवतलो? कामावर नाय गेलो तर खातलंव काय?"

"आणि गेलास तर हात जाईल."

"तां कळता माका," तो म्हणाला, आणि माझी पिशवी पुन्हा डाव्या खांद्याला अडकवून चालू लागला.

घरी सुनेत्रा दारातच उभी होती. "पेन्सिलीचा रंग," मी म्हणालो. तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की ती हसत नाहीये, रडतेय. मलाही भरून आलं. आपण जगणार आहोत ही गोष्ट माणसाला इतका आनंद देते हे मी कधी तपासून पाहिलं नव्हतं. तिने पिशवीतला नवा टॉवेल काढला आणि माझं तोंड खसाखसा पुसलं.

पण रविवार टळत नव्हता. मी बाबुरावांना पेन्सिलीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "वा! पोलिसांसाठी हे उत्तम आहे."

चौकात गणपतीच्या मांडवाचं टेबल, त्यावर खुर्च्या, नारळ, शाल, कर्णा, सगळं हजर. काळाचौकीहून दत्तारामही आला होता आणि मागे खांबाला टेकून उभा होता. शेठनी छापखान्यातल्या देशभक्तीवर भाषण केलं आणि हार माझ्या गळ्यात घालायला उचलला. मी मागे सरकलो आणि कर्ण्यापुढे गेलो.

"मंडळी, माझ्या अंगात शिसं नाही!"

प्रचंड टाळ्या. 'काय हा विनय' असं कुणीतरी म्हणालं. मला माझा जन्मजात राग आला, आणि त्या भरात दत्तारामची 'शेटना सांगू नका' ही विनवणी मी विसरलो.

"टाळ्या नकोत! ऐका! शिसं आहे ते या दत्तारामच्या अंगात. माझ्या नाही, त्याच्या! कालच डॉक्टरांनी सांगितलं!"

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. मी घाईने म्हणालो, "छापखान्यातलं शिसं, खिळ्यांचं!" पण नेमका त्याच वेळी कर्णा घुर्र करून बंद पडला. फक्त पुढच्या कमळाबाईंनी ऐकलं, आणि त्यांनी मागे वळून ओरडून सांगितलं, "गोळी आहेच, वर खिळेही मारलेत पोराला!"

पुढचं मला थांबवता आलं नाही. लोकांनी दत्तारामला उचलून टेबलावर आणलं. तो 'नाय हो, नाय' म्हणत दोन्ही हात वर करत होता, आणि उजवा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. तो हात पाहिला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेठनी हातातला हार कुणाला घालायचा म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी दत्तारामकडे बोट दाखवलं. शेठनी घातला.

तेव्हा बाबुरावांनी कर्ण्यावाचून, नुसत्या छातीच्या जोरावर विचारलं, "शेठ, या हाताने आता हा काम कसं करणार? याच्या पोटाचं काय?"

सगळा चौक शेठकडे पाहत होता. अध्यक्षांना मागे जायला जागा नव्हती, मागे खुर्ची होती. "हात बरा होईपर्यंत भरपगारी रजा," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच नवीन वाटला असावा.

मी पुढे होऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "आणि खिळ्यांपाशी कुणी जेवणार नाही, शेठ. मोरीत साबण आणि जेवायला वेगळी जागा." त्यांनी तेही जाहीर केलं. त्या साबणावर सर्वात जास्त टाळ्या पडल्या. का, ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मला मात्र इतकं मोकळं वाटलं की मीही जोरात वाजवल्या.

दत्तारामचा हात हळूहळू परत आला. पोटदुखी गेली, ओव्याची पुडी गेली, तोंडावर रंग आला. मी मागे लागल्यावर शेठनी त्याला खिळ्यांपासून काढून पुस्तकबांधणीकडे दिलं, आणि एक दिवस चहाचा कप उजव्या हातात घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. कप हलत नव्हता. मी त्या कपाकडेच बघत राहिलो. माझ्या टेबलावर पाण्याची वाटी होती, पेन्सिल त्यात बुडवलेली होती.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "तुमच्या चाळीतले लोक अजून माका गोळीवालो म्हणतत. फाउंटनाक मी गेलंय होतंय, पण गोळी नाय लागली माका. शेटनापण तसाच वाटता. माका लाज वाटता. खरा काय ता एकदा लोकांक सांगूया?"

मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एकही सोडली नाही. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, पेन्सिल उचलली, समोरच्या कोऱ्या कागदावर टिंबांची एक ओळ काढली आणि म्हणालो, "असू दे."